लांडग्याच्या धाकातला हरभरा

राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण एका भाकरीपायी मी वेगळी चूल मांडीन असं कुणाला वाटलं नव्हतं. झालं असं, की जाऊबाईंनी भरल्या घरात माझी भाकरी तव्यावरून उचलली, सगळ्यांना फिरवून दाखवली आणि म्हणल्या, "ही भाकर हाय का चाळणी?" भाकरीला एक भोक होतं. एकच! मी तवा तसाच चुलीवर सोडून उठले आणि म्हणलं, "ह्या तव्याला पुन्हा हात लावीन तर माझ्या बापाची नाय." आमचे मालक दारात पाय धूत होते. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. कन्नड आणि वैजापूरच्या मधल्या माळावर आमचं गाव. आता ज्याला संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादला जायचं तर आधी दोन कोस चालायचं आणि मग मोटार मिळाली तर मिळाली. सासरे नव्हते. घरात थोरले दीर कर्ते, आणि दिरांच्या कर्त्या जाऊबाई. वाटणी मागितली तर दिरांनी माळाकडचं वावर दिलं, नदीकडचं काळंभोर रान स्वतःकडं ठेवलं. जाऊबाईंनी वर अट घातली. "तीन सुग्या देते. तिसऱ्या सुगीला त्या माळाच्या हरभऱ्यानं कणगी भरलेली दिसली तर वावर तुमचं, चूल तुमची. नाय दिसली तर गुमान माघारी यायचं आन् माझ्या हाताखाली भाकरी थापायच्या. ह्याच तव्यावर."

मी म्हणलं, "मंजूर!" मालकांना विचारलंसुद्धा नाही. मालक म्हणजे शांत गडी. घराला आग लागली तरी आधी चहा घेऊ म्हणतील. वाटेत एवढंच बोलले, "आगं, कणगी केवढी हाय ते तरी बघितलंस का?"

वावर म्हणजे अर्धा खडक. पण खालच्या अंगाला काळ्या मातीचा बरा पट्टा होता, आणि त्याच्या पलीकडं ओघळ. आम्ही दोघांनी दगड वेचून बांध घातला, पाऊस सरल्यावर ओलीवर हरभरा पेरला. वरच्या पडीक अंगाला एक धनगराची म्हातारी दरसाल मेंढ्या बसवायची. मेंढ्या रात्री रानात बसल्या की लेंडीखत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, अशी रीत. म्हातारी बारीक, काटक, आणि तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. तिची एक खोड होती. मेंढ्या व्यायल्या की त्यांतल्या एका कोकराच्या कानाला ती हळद लावायची आणि म्हणायची, "हे पाव्हण्याचं." लांडग्याचं नाव ती मेंढ्या कोंडायच्या जाळीजवळ कधी घ्यायची नाही, पाव्हणाच म्हणायची. ते कोकरू लांडग्यानं नेलं तर ती हाकाटी करायची नाही, कुत्रीही सोडायची नाही. इतर कोकरांवर मात्र डोळ्यांत तेल घालून पहारा.

मला हसू यायचं. "मावशी, चोराला हळदकुंकू लावून बोलावती व्हय?"

"चोर न्हवं. वाटा हाय त्याचा," ती म्हणायची. "रान राखतो नं त्यो."

रान राखतो! म्हातारी चळलीय असं मी मालकांना सांगितलं.

त्या पहिल्या सालचा हरभरा काय आला म्हणून सांगू! गुडघ्याएवढा, डेरेदार, सकाळी पाल्यावरची आंबट आंब पायाला लागून पाय चरचरायचे. हरणं होती माळावर, पण यायची तशी जायची. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे. येताजाता जाऊबाईंना ऐकू जाईल असं मी बोलायची, "काही लोकांच्या हाताला येश असतं बाई!"

आणि पौषात लांडग्यानं माझी शेळी नेली. माझ्या आईनं माहेराहून दिलेली. वेगळी निघाले तेव्हा हातात एक पितळी आणि दाव्याला ती शेळी, एवढाच माझा संसार होता. भर दुपारी, मी हाकेच्या अंतरावर खुरपत असताना! वर बघितलं तर खुंट्याला नुसतं दावं. मी गोफण घेऊन रक्ताच्या मागानं धावले. काटा नाही, दगड नाही, काही बघितलं नाही. माग ओघळीत उतरला आणि दरडीतल्या एका बिळापाशी माझी शेळी अर्धी दिसली. बिळाच्या तोंडाशी पिलं उन्हात लोळत होती. करडी, कुत्र्याच्या पिलांसारखी. मला बघून पोटावर सरकत आत गेली. चार होती. मी मोजली.

आता वाटतं, तिथूनच माघारी फिरायला पाहिजे होतं. पण माझ्या अंगात आलं होतं. मी गाव गोळा केलं. आमच्या गावात निजामाच्या जमान्यातले जंगलाचे जमादार होते, नोकरी गेली तरी सगळे त्यांना जमादारच म्हणायचे. त्यांच्याकडं ठासणीची बंदूक होती. ते दोन दिवस ओघळीवर बसले. नर लांडगा बिळाकडं आला तो त्यांनी पाडला. लांडगीलाही छरे लागले, पण ती मागचा उजवा पाय उचलत माळावर निसटली. आणि बिळाचं तोंड मी स्वतः बंद केलं. धोंडे घातले, वर बोरीच्या काटेरी फांद्या टाकल्या, वर माती ओढली. लोक म्हणत होते, "वा रं वाघीण!" मी फुगून टम्म झाले.

म्हातारी वरून सगळं बघत होती. मी घामाघूम होऊन वर आले तेव्हा ती जाळीच्या खुंट्या उपटायला लागली होती. "मावशी, कुठं?"

"तू राखण्या गाडलास लेकी. आता तुझं रान तूच राख. जिथं वाटा देत न्हाईत तिथं मी मेंढ्या बसवत न्हाय."

"जा, जा! लई आली मोठी!" मी म्हणलं. हे मी एका आईच्या वयाच्या बाईला म्हणलं. त्या साली हरभरा चांगला झाला, अर्ध्याहून जास्त कणगी भरली, आणि मी म्हातारीला विसरून गेले.

दुसऱ्या साली हरणं आली.

आधीही यायची म्हणते, पण हे येणं निराळं. आधी एक खायचं तर दोन मान वर करून बघायची, पाच घास की पुढं. आता? आता ती बसायची! रवंथ करत, पाय मुडपून, माझ्या हरभऱ्यात! उठून पुन्हा त्याच जागी खायची, पार मुळापर्यंत. पाडसं तर अशी वाढली होती, की कळप दर महिन्याला मोठा दिसायचा. मी मचाण बांधलं. रात्री मालक, सकाळ-दुपार मी. गोफण फिरवून हात खांद्यातून निखळायला आला. दगड पडला की चार पावलं सरकायची आणि मान वळवून माझ्याकडं बघायची, जणू विचारतायत, झालं का बाई तुमचं? डबडं वाजवलं. मालकांचा सदरा घालून बुजगावणं उभं केलं. एका काळविटानं त्या बुजगावण्याला शिंगं घासून खाज भागवली आणि सदरा फाडला. मालक म्हणाले, "बरं झालं मी आत नव्हतो."

मी हसले नाही. मला रडायला येत होतं. जमादारांनी एकदा बार काढला, एक हरीण पडलं, कळप दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी हजर. त्या साली खळ्यावर आलेला हरभरा मी पदरात घेऊन घरी आणला. पदरात! मालक सरकारी बांधबंदिस्तीच्या कामावर माती वाहायला जाऊ लागले, मीही गेले. जाऊबाई एकदा विहिरीवर भेटल्या. हातात तो तवा, घासून लख्ख केलेला. म्हणल्या, "तुझ्यासाठीच ठेवलाय गं धाकले. आता एकच सुगी ऱ्हायली." मला तो तवा हिसकून विहिरीत टाकावासा वाटला. टाकला असता, पण विहीर सगळ्या गावाची होती.

तिसऱ्या साली बी उसनं आणून पेरलं. कोंब वर आले, वीतभर झाले, आणि एका सकाळी कळप आला. मी मचाणावर एकटी. ऊन नुकतं चढत होतं, पाल्यावर दव. पंचवीस-तीस हरणं वरच्या बांधावरून एकेक उडी मारून आत उतरली. मी गोफणीत दगड घातला आणि मनाशी म्हणलं, संपलं. आता भाकरी थापायला शीक, भोक न पाडता.

तेवढ्यात माळाकडून एक लांडगा आला.

आला म्हणजे कसा? बाजाराला निघालेला माणूस चालतो तसा! घाई नाही, लपणं नाही. हरणांच्या माना एकदम वर. तो आणखी चार पावलं आला आणि चक्क खाली बसला. हरणं त्याच्याकडं बघतायत, तो हरणांकडं बघतोय. मला कळेना, हा बसला कशाला? मग माझी नजर खाली ओघळीच्या काठाला गेली. बोरीच्या झुडपाखाली दुसरा लांडगा जमिनीला चिकटून सरकत होता. दोन पावलं सरकायचा, थांबायचा. मागचा उजवा पाय उचलून टाकत होता.

तीच! माझी लांडगी! नवा जोडीदार घेऊन माघारी आली होती.

मी वरून दोघांना बघत होते, हरणांना मात्र एकच दिसत होता. आयुष्यात मी असं काही बघितलं नाही. जत्रेतला तमाशा त्याच्यापुढं काय! बसलेला नर उठला आणि एकदम सुटला. हरणं उधळली, हवेत अशा उड्या, पोटाचं पांढरं चमकतंय, आणि सगळा कळप गेला कुठं तर नेमका ओघळीकडं! लांडगी उठली. कळप दुभंगला. एक पाडस मागं पडलं, डावीकडं वळलं, आणि मी मचाणावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "धर! धर! डावीकडून घे! आगं डावीकडून!"

मालक भाकरीचं गठुडं काखेत मारून धावत मचाणावर आले. "काय झालं? कुणाला धरायचं? चोर हाय का?"

"लांडगीला सांगतेय!"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ती तुझं ऐकती व्हय?"

"ऐकलं की!" मी म्हणलं. धुरळा खाली बसला तेव्हा लांडगीनं पाडसाचा गळा धरला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि मी हसत होते. मालक खाली बसले. त्यांनी गठुडं सोडून भाकरी बाहेर काढली, हा माणूस तसाच आहे. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ही रोज आली तर?"

रोज नाही, पण येत राहिली. आणि कळप बदलला. हरणं यायची थांबली नाहीत, हे मात्र नीट सांगितलं पाहिजे. आली, पण बसायची विसरली. एक शेंडा तोडायचा, मान वर. दोन पावलं, दुसरा शेंडा, मान वर. वावराच्या या टोकाला शिरायची आणि त्या टोकाला बाहेर. तरीपण दर झाडाचा शेंडा गेलेला बघून मी हाय खाल्ली. सगळं वावर वरून कातरल्यासारखं. मी बांधावर बसून रडत होते तेव्हा वरच्या वाटेनं मेंढ्या आल्या आणि मागं म्हातारी. दोन वर्षांनी.

"पाव्हणा माघारी आला म्हणं तुझ्याकडं," ती म्हणाली. जा, जा म्हणल्याचं तिनं काढलं नाही. मीच उठून तिच्या पाया पडले आणि वावर दाखवलं. "बघ मावशी, लांडगा असून बी खाल्लं."

तिनं एक झाड वाकून बघितलं आणि मलाच फटकारलं. "शेतकऱ्याची सून नं तू? भाजीला शेंडे खुडती का न्हाय?"

"खुडते की."

"खुडल्यावर काय व्हतं?"

"फुटवे फुटत्यात," मी म्हणलं, आणि म्हणता म्हणताच वावराकडं बघितलं. हरभऱ्याचा शेंडा खुडला की झाड रुंद होतं, फांद्या धरतं, घाटे जास्त लागतात. एवढं तर पोरीसोरींना कळतं. बायका मुद्दाम खुडतात.

"मग रडती कामून? पाव्हणा रानात असला की हरीण खुडतं. नसला की बसून जेवतं." एवढं बोलून ती मेंढ्या हाकायला लागली. पहिल्या सालच्या त्या डेरेदार हरभऱ्याचं येश माझ्या हाताचं नव्हतं. ज्यांनी ते दिलं त्यांची पिलं मी बिळात कोंडली होती. दहा-बारा दिवसांत वावर असं फुटलं, की पेरलेल्या दोन ओळींमधली माती दिसेना.

घाटे भरत आले आणि आमच्या दारात जाऊबाई उभ्या राहिल्या. डोळे लाल. त्यांच्या दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या होत्या. बरोबर जमादार, खांद्याला बंदूक, मागं दहा-बारा माणसं, कुदळी घेऊन. "हिला ठाव हाय बीळ," जाऊबाई म्हणाल्या. "त्या टायमाला हिनंच दावलं व्हतं. लांडग्याची वैरीण हाय आमची धाकली."

जमादार म्हणाले, "वैनी, किधर है, बराबर बताव. बारूद मेरेकने एकच बार का है."

मला ठाऊक होतं. ओघळीच्या वरच्या वळणाला, करवंदीच्या जाळीखाली नवं बीळ होतं, आणि त्यात पिलं. मी सकाळी मचाणावरून त्यांची तोंडं बाहेर आलेली बघितली होती. कणगी भरायला आणखी तीन आठवडे लागत होते. लांडगी गेली तर कळप त्या तीन आठवड्यांत भरले घाटे बसून खाणार, आणि तवा माझी वाट बघत होता. पण जाऊबाईंच्या शेळ्याही खऱ्याच गेल्या होत्या. माझी गेली तेव्हा मी काय केलं होतं? त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

मी म्हणलं, "चला, दावते." आणि सगळ्यांना ओघळीच्या खालच्या अंगाला, त्या जुन्या बिळाकडं नेलं.

लबाडीच केली. वाटेत डोकं चालत होतं. म्हणलं, खणतील, काही सापडायचं नाही, दमतील, जातील. "ह्याच जुन्या बिळात शिरत्यात, पलीकडून तोंड पाडलंय," मी बोट दाखवलं. गड्यांनी बोरीच्या वाळल्या फांद्या ओढल्या, मातीचा थर काढला, मी स्वतः घातलेले धोंडे एकेक करून बाहेर टाकले. बीळ हातभर मोकळं झालं. एकानं कुदळीच्या टोकानं आतलं बाहेर ओढलं.

चार होती. अगदी तोंडाशी, धोंड्यांना लागून. नुसती हाडं, माझ्या बोटांएवढी, आणि चार टाळकी. आत लांबलचक बीळ मोकळं पडलं होतं, पण ती बाहेर यायला धडपडत तोंडाशीच राहिली होती.

मला तिथं हुंदका फुटला. मी खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. लोकांना वाटलं, शेळीची आठवण झाली. जाऊबाईसुद्धा जवळ येऊन पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "उगी, उगी. मिळंल दुसरी." मला त्यांना सांगायचं होतं, शेळीसाठी नाही हो आक्का.

जमादार मात्र हाडांकडं बघत नव्हते. ते ओघळीच्या वाळूत बघत होते. वाळूत ताजे पंजे होते, तीन खोल आणि एक निसटता, आणि ते वरच्या वळणाकडं गेले होते. त्यांनी पंजांकडं बघितलं, वरच्या करवंदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. जंगलात हयात गेलेला माणूस, त्याला काय सांगावं लागतं? ते दोन पावलं पुढं आले, पंजांवरून जोडा फिरवला आणि बंदूक खांद्याला अडकवली.

"पुराना बीळ है," ते लोकांना म्हणाले. "इधर कुछ नहीं. चलो."

जाताना मला एकटीला ऐकू येईल असं बोलले, "वैनी, मेरा भी हरभरा है ना नाले के पार."

तीन आठवड्यांनी आम्ही हरभरा उपटला. खळ्यावर बडवताना मालकांनी पहिल्यांदाच जेवणाची सुट्टी केली नाही! कणगी गळ्यापर्यंत भरली आणि वर दोन पोती उरली. जाऊबाई बघायला आल्या. कणगीत कोपरापर्यंत हात घातला, खाली भुसा तर नाही ना म्हणून. मग दंडापर्यंत घातला. हात काढून झटकला, पदराखालचा तवा काढला आणि माझ्या चुलीपाशी ठेवला. "घे. आमच्यात असाच पडून ऱ्हायला असता." मी त्यांच्याकडं बघितलं आणि दोघींनाही हसू फुटलं. एक पोतं मी त्यांच्या घरी पाठवलं, मनाशी दोन शेळ्यांचं म्हणून. का पाठवलं ते त्यांना सांगितलं नाही. पुढच्या थंडीत त्याच मला विहिरीवर म्हणल्या, "हरणं आमच्या नदीकडच्या रानात यायला लागलीत गं. तुझ्याकडं कशी बसत न्हाईत?" तेव्हा मात्र सगळं सांगितलं. बिळासकट. जाऊबाईंनी घागर भरून घेतली. मग म्हणल्या, "तिला म्हणावं, कधीमधी आमच्याकडं बी येत जा."

उरलेलं दुसरं पोतं विकून मी नवी शेळी घेतली होती, आणि त्या सालापासून ती व्यायली की मी एका करडाच्या कानाला हळद लावायची. पहिल्या वर्षीचं करडू पांढरं होतं, टपोऱ्या डोळ्यांचं, माझ्या मागं मागं फिरायचं. एका दुपारी लांडगी माळावरून आली. मी खुरपत होते, गोफण कमरेलाच होती. हात आपोआप गेला. दगड घातला, गोफण एकदा डोक्यावरून फिरवली आणि तशीच खाली आणली. तिनं करडू नेलं. शेळी दोन दिवस ओरडली आणि मी तिच्या गळ्यात हात घालून रडले. त्यात थोरपणा काही नव्हता. मला लई वाईट वाटलं होतं, एवढंच.

दुसऱ्या वर्षी दुसरं, तिसऱ्या वर्षी तिसरं. चौथं गेलं तेव्हा मालक माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, पण मोजत होते.

"चार झाली," ते म्हणाले. "फिटलं नं आता?"

"फिटलं म्हणा," मी म्हणलं.

पाचव्या वर्षी शेळी व्यायली, दोन करडं झाली. मी हळदीची वाटी घेऊन गोठ्यात निघाले तशी मालकांनी वाट अडवली. "आगं, चारच व्हती नं ती?"

मी म्हणलं, "ती चार माझी चूक व्हती. ह्यो त्यांचा वाटा हाय. सरका."